जेस्टोर : कला आणि विज्ञानातील संशोधन एका छताखाली वाचताना

संशोधनपर निबंध वाचायला देणाऱ्या अनेक सेवा आज इंटरनेटवर उपलब्ध आहेत. त्यांतील बहुतेक एकेका विषयापुरत्या मर्यादित आहेत, किंवा सर्व विषयांचा केवळ शोध घेऊन देणाऱ्या आहेत. जेस्टोर या दोहोंपेक्षा वेगळे आहे. दोन हजारांहून अधिक संशोधनपत्रिकांचे अंक, बहुतेक वेळा पहिल्या अंकापासून, या संग्रहात जसेच्या तसे ठेवलेले आहेत आणि त्याच्या मुख्य संचांना 'आर्ट्स अँड सायन्सेस' असेच नाव आहे. 75 विद्याशाखांमधील 1 कोटी 20 लाखांहून अधिक लेख, पुस्तके, चित्रे आणि मूळ साधने आपल्याकडे असल्याचे ही संस्था सांगते. आकडा मोठा आहे, पण आकड्यावरून संग्रहाची पारख होत नाही. कला आणि विज्ञान या दोन्ही अंगांचे संशोधन किती निरनिराळ्या रीतींनी चालते, पुरावा कशाला म्हणायचे याविषयी प्रत्येक शाखेची समजूत किती वेगळी असते, हे सामान्य पण जिज्ञासू वाचकाला येथे कळू शकते का, या एका प्रश्नाच्या अनुरोधाने मी हे परीक्षण लिहीत आहे. ते कळते, आणि दुसरीकडे क्वचितच कळेल इतक्या स्पष्टपणे कळते, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी शोधाच्या चौकटीवर विसंबून न राहता मूळ अंकांच्या पानांपर्यंत जाण्याची तयारी ठेवावी लागते.

या संग्रहाचे आजचे स्वरूप त्याच्या जन्मकथेतून आले आहे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बोवेन हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष आणि मेलन फाउंडेशनचे प्रमुख होते. जुन्या संशोधनपत्रिकांच्या बांधीव खंडांनी ग्रंथालयांची कपाटे भरून जातात, नव्या इमारती बांधाव्या लागतात आणि तरीही ते खंड क्वचितच उघडले जातात, ही अडचण त्यांच्यासमोर आली होती. एका ठिकाणी हे खंड विश्वासार्ह रीतीने अंकीय स्वरूपात जतन केले, तर प्रत्येक ग्रंथालयाला ते स्वतः साठवण्याची गरज उरणार नाही, हा विचार त्यामागे होता. मिशिगन विद्यापीठात अर्थशास्त्र आणि इतिहास या विषयांच्या मोजक्या पत्रिकांपासून काम सुरू झाले आणि 1995 मध्ये जेस्टोर ही स्वतंत्र ना-नफा संस्था झाली. ग्रंथालयाने आपला छापील खंड काढून टाकायचा असेल, तर त्याच्या जागी येणाऱ्या प्रतीत एकही पान गाळलेले असता कामा नये. म्हणूनच येथे अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन केले जातात, आणि लेखाचा केवळ मजकूर न देता मूळ छापील पानाचे चित्र वाचकापुढे ठेवले जाते. हा निर्णय तांत्रिक वाटला, तरी सगळ्या संग्रहाचे मोल त्यात आहे.

ते कसे, हे एका उदाहरणावरून दाखवतो. मिल्मन पॅरी या अभिजात ग्रीकच्या अभ्यासकाने 1930 साली होमरच्या काव्यरचनेवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. होमरची महाकाव्ये पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत चालत आलेल्या ठरावीक शब्दसमूहांच्या आधारे रचली गेली, हे त्याला दाखवायचे होते. त्यासाठी त्याने इलियड आणि ओडिसी या दोन्ही काव्यांच्या पहिल्या 25 ओळी घेतल्या. जो शब्दसमूह होमरच्या काव्यात इतरत्र जसाच्या तसा येतो त्याच्याखाली सलग रेघ आणि जो त्याच साच्यातला पण शब्द बदललेला आहे त्याच्याखाली तुटक रेघ, अशी खूण करून त्या ओळी त्याने छापल्या. पानावर नजर टाकताच जवळजवळ प्रत्येक ओळीखाली रेघा दिसतात, आणि निबंधाचा मुख्य पुरावा तोच आहे. येथे रेघ हा सजावटीचा भाग नाही. ती पुसली गेली तर युक्तिवादच उरत नाही. केवळ मजकूर उचलून देणाऱ्या व्यवस्थेत ती सहज हरवली असती. जेस्टोरवर पानाचे चित्र असल्यामुळे ती शाबूत आहे, आणि साहित्याच्या अभ्यासातही मोजणी, वर्गीकरण आणि पडताळा यांची शिस्त किती कडक असू शकते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने हे पान अवश्य पाहावे.

याच संग्रहात लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिक संस्थेची 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' ही पत्रिका आहे. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ती 1665 मध्ये सुरू केली. आज ज्याला आपण शोधनिबंध म्हणतो त्याचा साचा तेव्हा ठरलेला नव्हता. विज्ञान पत्रांतून लिहिले जात होते. न्यूटनचा प्रकाश आणि रंगांविषयीचा सिद्धान्त 1672 मध्ये येथे छापला गेला तोही पत्ररूपानेच. 1666 च्या सुरुवातीला आपण एक त्रिकोणी लोलक मिळवला, खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेला लहानसे भोक पाडले, रंगांचा पट्टा भिंतीवर पडलेला पाहून आनंद झाला आणि मग त्याचा आकार लांबट का, या प्रश्नाने आपल्याला अडवले, अशा क्रमाने न्यूटन आपली हकिगत सांगत जातो. लोलकापासून भिंत 22 फूट दूर आहे आणि पट्ट्याची लांबी रुंदीच्या सुमारे पाचपट आहे, ही मोजमापे त्या हकिगतीत ओघानेच येतात. पट्टा गोल असायला हवा होता, तो गोल का नाही, एवढ्या एका विसंगतीवरून तो पांढऱ्या प्रकाशाच्या घडणीपर्यंत पोहोचतो. निष्कर्ष आधी आणि पद्धत नंतर अशा आजच्या मांडणीची सवय असलेल्या वाचकाला येथे शोध घडत असताना पाहायला मिळतो.

त्याच पत्रिकेच्या 1787 च्या खंडात कॅरोलाइन हर्शेलने एका नव्या धूमकेतूविषयी लिहिलेले अवघ्या तीन पानांचे पत्र आहे. खगोलशास्त्रज्ञ भाऊ विल्यम परगावी असताना 1786 च्या ऑगस्टमध्ये तिला तो धूमकेतू दिसला. पत्राच्या आरंभी ती, भावाच्या गैरहजेरीत पत्र वाचणाऱ्याला तसदी देण्याचे धाडस करते आहे आणि हा वृत्तांत अपुरा आहे, असे अतिशय संकोचाने लिहिते. त्यापुढचे निरीक्षण मात्र नेमके आहे. धूमकेतू कोणत्या ताऱ्यांच्या संदर्भात कोठे होता आणि तो कसा सरकला, हे आकृतीसह दिलेले आहे. संकोच भाषेत आहे, कामात नाही. विज्ञानाच्या इतिहासाविषयी दुय्यम पुस्तकांतून जे कळते त्याहून निराळे काहीतरी अशी तीन पाने प्रत्यक्ष वाचताना कळते, आणि ती वाचण्यासाठी कोणतेही शुल्क भरावे लागत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला दुवा मात्र याच पत्रिकेच्या 1763 च्या खंडातून सुरू होतो. थॉमस बेझ हे धर्मोपदेशक 1761 मध्ये वारले. त्यांच्या कागदपत्रांत संभाव्यतेविषयीचा एक निबंध त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांना सापडला आणि त्यांनी तो रॉयल सोसायटीकडे पाठवला. आधीच्या अंदाजाला नव्या पुराव्याची जोड देऊन सुधारित अंदाज कसा काढायचा, या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या रीतीचे मूळ त्या निबंधात आहे. त्यानंतर बरोबर 200 वर्षांनी, 1963 मध्ये, फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या पत्रिकेत एक निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न इतिहासातला होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ 1787-88 मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने लिहिल्या गेलेल्या लेखांपैकी 12 लेख अलेक्झांडर हॅमिल्टनचे की जेम्स मॅडिसनचे, हा वाद इतिहासकारांमध्ये दीर्घकाळ चालला होता. दोघांची राजकीय मते आणि शैली इतकी जवळची होती की आशयावरून निर्णय लागत नव्हता.

मोस्टेलर आणि वॉलेस यांनी आशय बाजूला ठेवला आणि ज्यांच्याकडे लेखकाचे स्वतःचेही लक्ष नसते असे साधे जोडशब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन सर्रास वापरतो, मॅडिसन जवळजवळ वापरत नाही. एक जण 'व्हाइल' लिहितो तर दुसरा त्याच अर्थाने 'व्हाइल्स्ट' लिहितो. अशा अनेक शब्दांच्या वारंवारतेवर त्यांनी बेझच्या रीतीने गणित मांडले आणि वादग्रस्त लेख मॅडिसनचे असण्याची शक्यता फार मोठी आहे, असा निष्कर्ष काढला. एका धर्मोपदेशकाचा अठराव्या शतकातील गणिती निबंध आणि त्याच शतकातील राजकीय लेखांच्या कर्तृत्वाचा प्रश्न, यांची गाठ विसाव्या शतकात पडते, आणि या प्रवासाची दोन्ही टोके एकाच संग्रहात मूळ स्वरूपात वाचता येतात. कला आणि विज्ञान यांच्या परस्परसंबंधांविषयी बरेच काही मोघम बोलले जाते. येथे तो संबंध कोणत्या पानावर कसा जुळला हे दाखवता येते. मोस्टेलर आणि वॉलेस यांचा निबंध तांत्रिक आहे आणि त्यातील गणिताचा भाग सर्वांना झेपणार नाही, पण शब्दांच्या वारंवारतेची कोष्टके समजायला गणिताची फारशी गरज पडत नाही.

उलट दिशेने पाहायचे असेल तर 'अमेरिकन नॅचरलिस्ट' ही जीवशास्त्राची पत्रिका उघडावी. जी. एव्हलिन हचिन्सन यांचे सजीवांच्या इतक्या जाती का आहेत या विषयावरील प्रसिद्ध अध्यक्षीय भाषण तिच्यात 1959 मध्ये छापले गेले. सिसिलीमध्ये पालेर्मोजवळच्या डोंगरावर संत रोझालिया हिचे स्थान आहे; त्या स्थानाखालच्या एका लहान तळ्यात हचिन्सन यांना पाणकिड्यांच्या दोन जाती आढळल्या, एक आकाराने मोठी आणि दुसरी लहान. एवढ्या निरीक्षणावरून, दोनच का, वीस किंवा दोनशे का नाहीत, असा प्रश्न ते विचारतात आणि अन्नसाखळी, अधिवास आणि शरीराचा आकार यांचा विचार करीत पुढे जातात. प्रयोग येथे नाही. आहे ती व्यापक वाचनातून आणि निरीक्षणातून उभी राहिलेली विचारमालिका, आणि तिचे गद्य एखाद्या चांगल्या निबंधकाराला शोभेल असे आहे.

सात वर्षांनी, 1966 मध्ये, त्याच पत्रिकेत रॉबर्ट पेन यांचा निबंध आला आणि तो जवळजवळ त्याच प्रश्नाला प्रयोगाने भिडतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील खडकाळ पट्ट्याचा सुमारे 8 मीटर लांब आणि 2 मीटर उंच असा एक तुकडा पेन यांनी निवडला आणि तेथील तारामासे हाताने काढून टाकत राहिले. शेजारचा पट्टा तुलनेसाठी तसाच ठेवला. तारामासे नाहीसे झाल्यावर त्यांचे भक्ष्य असलेल्या शिंपल्यांनी आणि इतर काही जीवांनी जागा व्यापली आणि त्या तुकड्यातील जातींची संख्या 15 वरून 8 वर आली. एका भक्षकामुळे वैविध्य घटण्याऐवजी टिकून राहते, हा त्यातून निघालेला विचार पुढे परिस्थितिकीत फार महत्त्वाचा ठरला. हे दोन निबंध पाठोपाठ वाचणाऱ्याला एकाच शाखेत, एकाच पत्रिकेत, एका दशकाच्या आत संशोधनाच्या दोन किती भिन्न जाती नांदू शकतात हे कळते. कला म्हणजे चिंतन आणि विज्ञान म्हणजे प्रयोग, ही ढोबळ विभागणी त्यानंतर कोणालाही समाधानकारक वाटणार नाही.

गणिताचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तेथे माझी गती मर्यादित आहे. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची अँड्र्यू वाइल्स यांनी दिलेली सिद्धता 1995 मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये आली आणि ती शंभरहून अधिक पानांची आहे. तिच्या पाठोपाठ रिचर्ड टेलर यांच्यासह लिहिलेला पूरक निबंध आहे. सिद्धता कळली नाही तरी तिची प्रस्तावना वाचण्यासारखी आहे. आधी जाहीर केलेल्या युक्तिवादात राहिलेली त्रुटी आणि ती भरून निघाली तो क्षण, यांविषयी वाइल्स तेथे मोकळेपणाने लिहितात, आणि ज्या शाखेत पुरावा सर्वांत निखळ मानला जातो तेथेही तो हाती येण्याची वाट सरळ नसते हे त्यातून समजते.

आता शोधाच्या व्यवस्थेकडे वळतो, कारण बहुतेक वाचकांची सुरुवात तेथूनच होते आणि माझा मुख्य आक्षेपही तेथेच आहे. शोध संपूर्ण मजकुरात घेतला जातो, केवळ शीर्षकांत नाही. प्रगत शोधात लेखक, शीर्षक, पत्रिका, कालावधी आणि भाषा यांनुसार निवड करता येते. दोन शब्द एकमेकांपासून 5, 10 किंवा 25 शब्दांच्या आत आलेले असावेत अशी अटही घालता येते, आणि ही सोय अतिशय उपयोगाची आहे. ज्याला आपण काय शोधतो आहोत हे ठाऊक आहे त्याचे काम येथे लवकर होते. ज्याला ते ठाऊक नाही त्याच्यासमोर मात्र हजारो निष्पत्ती एकाच आकाराच्या ओळींत उभ्या राहतात. 1787 चे पत्र, 1930 चा प्रबंधवजा लेख, अर्ध्या पानाचे पुस्तकपरीक्षण आणि नव्या ग्रंथातील एक प्रकरण, हे सगळे तेथे सारखेच दिसतात. ज्या वैविध्यासाठी हा संग्रह वाचावा तेच वैविध्य शोधाच्या पहिल्या पानावर लपून जाते.

विद्याशाखांच्या वर्गवारीतही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शाखा पत्रिकेला दिलेली असते, लेखाला नव्हे. यंत्रांना विचार करता येतो का, या प्रश्नावरील अ‍ॅलन ट्युरिंग यांचा 1950 चा निबंध आज संगणकशास्त्राच्या पायाभूत लेखनात मोजला जातो, पण तो 'माइंड' या 1876 पासून निघणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकात छापलेला आहे, त्यामुळे शाखेवर बोट ठेवून शोधणाऱ्याने तो तत्त्वज्ञानातच शोधला पाहिजे. ही वर्गवारीची उणीव असली तरी तिच्यातून एक शिकवणही मिळते. ट्युरिंग यांनी त्या निबंधात आपल्या मताविरुद्धचे 9 आक्षेप क्रमाने मांडून प्रत्येकाला उत्तर दिले आहे, आणि ही रीत उघडउघड तात्त्विक वादविवादाची आहे. त्या अंकात आजूबाजूला कोणते लेख होते हे पाहिले की तो निबंध कोणत्या वाचकांना उद्देशून लिहिला होता ते ध्यानात येते. म्हणून माझी पद्धत अशी झाली आहे की हवा तो लेख सापडल्यावर तो उघडण्याआधी त्या अंकाची अनुक्रमणिका उघडावी. प्रत्येक लेखाच्या पानावरून तेथे जाण्याची सोय दिलेली आहे.

अनुक्रमणिकेत 'फ्रंट मॅटर' आणि 'बॅक मॅटर' अशा नोंदी दिसतात, आणि बहुतेक जण त्या ओलांडून पुढे जातात. मी त्या उघडण्याचा आग्रह धरीन. संपादक मंडळाची नावे, सभासदांसाठीच्या सूचना, लेखकांना घातलेले नियम आणि जुन्या अंकांतील ग्रंथांच्या व उपकरणांच्या जाहिराती तेथे असतात. एखादी शाखा कोणत्या दशकात कशी व्यावसायिक होत गेली याचा अभ्यास करणाऱ्याला ही पाने लेखांइतकीच महत्त्वाची आहेत.

पुस्तकपरीक्षणांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र यांत संशोधनाचे मुख्य फळ म्हणजे ग्रंथ, आणि त्या ग्रंथाची चिकित्सा पत्रिकांतील परीक्षणांतून होते. त्यामुळे या शाखांत शोध घेतला की परीक्षणांची गर्दी होते आणि नवखा वाचक कंटाळतो. प्रगत शोधात केवळ लेख किंवा केवळ परीक्षणे निवडण्याची सोय आहे. ती वापरली की हीच गर्दी उपयोगाची होते. एखाद्या ग्रंथाचे नाव देऊन फक्त परीक्षणे मागवावीत आणि ती प्रकाशनवर्षाच्या क्रमाने वाचावीत. इतिहासकाराने ज्याला मोठे यश म्हटले त्याला समाजशास्त्रज्ञाने अपुरा पुरावा म्हटले, असे मतभेद चार-पाच परीक्षणांतच उघड होतात, आणि एकाच पुस्तकाकडे निरनिराळ्या शाखा काय मागतात हे त्याहून सोप्या रीतीने मला तरी दुसरीकडे पाहायला मिळालेले नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली मर्यादा काळाची. बहुतेक पत्रिकांच्या बाबतीत ताजे अंक येथे नसतात. प्रकाशकाने ठरवलेला काळ, साधारणतः 3 ते 5 वर्षे, उलटल्यावर अंक संग्रहात येतो. वर्षागणिक ही सीमा पुढे सरकत असल्यामुळे तिला 'सरकती भिंत' म्हटले जाते. प्रकाशकाचे वर्गणीदार टिकावेत म्हणून केलेली ही तडजोड समजण्यासारखी आहे, आणि इतिहास किंवा साहित्याच्या अभ्यासकाचे तिच्यावाचून फारसे अडत नाही, कारण त्या शाखांत चाळीस वर्षांपूर्वीचा निबंधही वादात जिवंत असतो. विज्ञानाचे तसे नाही. भौतिकशास्त्रातील चालू संशोधन वाचायचे असेल तर 1991 मध्ये सुरू झालेल्या आर्काइव्ह या मुक्त संग्रहाकडे, आणि वैद्यकातील वाचायचे असेल तर पबमेड या वैद्यकीय लेखसूचीकडेच गेले पाहिजे. रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांचा येथील साठा इतर शाखांच्या मानाने तोकडा आहे. नावात 'सायन्सेस' असले, तरी विज्ञानांपैकी परिस्थितिकी, वनस्पतिशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र यांतच हा संग्रह खऱ्या अर्थाने भक्कम आहे. शिवाय साहित्याचा मोठा भाग इंग्रजीत आहे, आणि जगाच्या इतर भाषांतील विद्वत्तेचे चित्र येथे अपुरे उमटते.

दुसरी मर्यादा विश्वासार्हतेच्या खुणांची. तज्ज्ञांकडून तपासलेले लेख तेवढेच दाखवा, अशी निवड येथे करता येत नाही, आणि त्याचे कारण रास्त आहे: आज ज्या अर्थाने आपण तज्ज्ञ-परीक्षण म्हणतो ती पद्धत रूढ होण्याच्या कितीतरी आधीचे लेखन येथे आहे. परंतु परिणाम असा होतो की, जोसेफ प्रीस्टली यांचा निरनिराळ्या वायूंवरील 1772 चा निबंध उघडणाऱ्याला, त्यात गृहीत धरलेले फ्लॉजिस्टन नावाचे ज्वलनतत्त्व पुढे खोटे ठरले, हे सांगणारी ओळ कोठेही सापडत नाही. प्रीस्टली यांची निरीक्षणे पक्की होती आणि स्पष्टीकरण चुकीचे होते. हा फरक वाचकाला बाहेरून शिकून यावा लागतो. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मानवशास्त्रीय लेखनात वंशाविषयीची जी मते छापली गेली त्यांना हे अधिकच लागू होते. संग्रहाने जुने लेखन न बदलता ठेवावे हे मला पूर्णपणे मान्य आहे, पण विद्यार्थ्याच्या हाती ते देताना शिक्षकाने सोबत असले पाहिजे.

पानाचे चित्र आणि त्यामागचा शोधण्याजोगा मजकूर यांत अंतर असते, ही तिसरी बाब. मजकूर संगणकाने चित्रावरून ओळखलेला असतो. अठराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजी छपाईत 'एस' या अक्षराचा एक लांब खिळा वापरला जाई आणि तो 'एफ'सारखा दिसतो; संगणकाची ओळख तेथे सहज चुकते आणि शब्द पानावर असूनही शोधात येत नाही. जुन्या लेखनात एकाच शब्दाने शोध न घेता, ज्यांत हे अक्षर नाही असे दोन-तीन पर्यायी शब्द वापरून पाहावेत. गणिती सूत्रे, आलेख आणि कोष्टकांतील आकडे यांचा शोध तर जवळजवळ अशक्यच आहे. पेन यांच्या निबंधातील अन्नजाळ्याची आकृती डोळ्यांनीच वाचावी लागते.

लेखांखेरीज ग्रंथ 2012 पासून या संग्रहात आले आणि त्यांतील काही हजार पूर्णपणे मुक्त आहेत. कलेतिहासाच्या अभ्यासकांसाठी आर्टस्टोर हा स्वतंत्र चित्रसंग्रह होता. 2024 मध्ये तो जेस्टोरच्याच व्यासपीठावर आणण्यात आला. चित्राविषयीचा निबंध आणि ते चित्र शेजारी उघडून पाहता येणे ही या विलीनीकरणाची सर्वांत चांगली बाजू आहे, कारण कलेतिहासाच्या जुन्या पत्रिकांतील कृष्णधवल छायाचित्रांवरून रंगाविषयीचा युक्तिवाद तपासता येत नाही. वनस्पतींच्या नमुन्यांच्या चित्रांचा वेगळा संग्रहही आहे. एखाद्या जातीला नाव देताना आधार मानलेला वाळवलेला मूळ नमुना त्यात मोठा करून पाहता येतो, आणि त्यावरील हस्तलिखित चिठ्ठ्याही वाचता येतात.

प्रवेशाच्या अटींविषयी शेवटी. ही सेवा मुख्यतः विद्यापीठांना आणि ग्रंथालयांना वर्गणीवर दिली जाते, आणि संस्थेबाहेरच्या वाचकासाठी दार पूर्ण उघडे नाही, हे मला खटकते. तरीही ते पूर्वीपेक्षा बरेच अधिक उघडले आहे. 2011 मध्ये जुन्या, हक्कमुक्त लेखनाचा भाग सर्वांना खुला करण्यात आला. अमेरिकेबाहेर 1870 पूर्वी प्रसिद्ध झालेले लेख त्यात येतात, म्हणजे न्यूटन, बेझ, प्रीस्टली आणि हर्शेल यांना वाचण्यासाठी खाते उघडण्याचीही गरज नाही. नोंदणी केलेल्या कोणाही व्यक्तीला महिन्याला 100 लेख विनामूल्य वाचता येतात. ते पडद्यावर वाचायचे असतात, उतरवून घेता येत नाहीत. बहुतेक जिज्ञासू वाचकांना एवढे पुरेल. त्यापलीकडे व्यक्तिगत पास विकत मिळतो, पण त्यात संग्रहातील सगळ्या पत्रिका येत नाहीत आणि लेख उतरवून घेण्यावर संख्येची मर्यादा आहे. म्हणून पास घेण्यापूर्वी आपल्याला हवी असलेली पत्रिका संकेतस्थळावरील यादीत आहे का आणि तिचे अंक कोणत्या वर्षापर्यंत आले आहेत हे तपासून घ्यावे. ही यादी पाहण्यासाठी पैसे पडत नाहीत.